कार्बन नॅनोट्यूब इपॉक्सीत मिसळेनात. आम्लात उकळायच्या का?

राळवाला | सोम, २१:१२

नमस्कार मंडळी,

भोसरी एमआयडीसीत आमचं लहानसं युनिट आहे, इपॉक्सीचं फ्लोअरिंग आणि कोटिंग करतो. मी बी.एस्सी. केमिस्ट्री, पण कॉलेज सुटून जमाना झाला. ऑर्गॅनिक म्हटलं की बेंझीनचा षटकोन आठवतो आणि त्यापुढे अंधार.

साहेबांनी कुठल्याशा प्रदर्शनात ऐकून मल्टिवॉल (एकात एक भिंती असलेल्या) कार्बन नॅनोट्यूबची, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांची, पिशवी मागवली. पिशवी फुगलेली, उचलली तर वजनच नाही. रेझिनमध्ये घालून हाय-स्पीड डिस्पर्सरवर फिरवलं. वरून बघितलं तर काळंभोर, एकजीव. काचेवर पातळ ओढलं तर दाणेच दाणे. नंतर डबा उघडला तर तळाशी गाळ.

नेटवर जिथे बघावं तिथे एकच उपाय: तीव्र सल्फ्युरिक आणि नायट्रिक तीनास एक, त्यात नॅनोट्यूब टाका, सोनिकेटरमध्ये (ध्वनिलहरींच्या यंत्रात) ठेवा, धुवा, वाळवा. त्याने त्या 'फंक्शनलाइज' होतात, म्हणजे अंगावर रासायनिक गट बसतात, आणि रेझिनशी जुळवून घेतात म्हणे. आमच्याकडे आम्लं आहेत, फ्यूम हूड आहे (अधूनमधून चालतो). करून बघू का?

आणि साहेबांचा दुसरा प्रश्न भीतभीत टाकतोय: या नळ्या आपण स्वतःच का बनवू नयेत?

घनचक्कर | सोम, २१:३०

फ्यूम हूड 'अधूनमधून' चालतो आणि नायट्रिक उकळायचंय. बसलो बुवा खुर्ची ओढून.

काजळी | सोम, २२:०५

राळवाला, आधी एक सांगा. नळ्या घालून काय मिळवायचंय? ताकद, की वीजवहन? की डब्यावर नुसतं 'नॅनो' छापायचंय? (हेही कारण असू शकतं, मी हसणार नाही.) पुढचं सगळं त्यावर ठरतं. तोवर आम्लाची बाटली उघडू नका.

मुळामुठा | सोम, २२:४८

एवढं घाबरवू नका हो त्यांना. एम.टेक.ला आम्ही सर्रास करायचो. पद्धत चांगली रुळलेली आहे. अमेरिकेत राइस विद्यापीठात स्मॉली यांच्या गटाने १९९८ मध्ये 'सायन्स'मध्ये छापली ती हीच तीनास एकवाली. त्यांना लांब सिंगलवॉल (एकाच भिंतीच्या) नळ्या कापून आखूड करायच्या होत्या. हे मिश्रण नळीच्या टोकाची टोपी आणि भिंतीतल्या मुळातच कच्च्या जागा खातं, आणि खाल्लेल्या कडांवर कार्बॉक्सिल गट बसतात. एकदा कार्बॉक्सिल हाती लागला की पुढचं बी.एस्सी.चंच: थायोनिल क्लोराइडने ॲसिड क्लोराइड करा, त्यावर अमाइन टाका, अमाइड झालं. हॅडन यांच्या गटाने त्याच वर्षी ऑक्टाडेसिलअमाइन असं जोडून नळ्या सेंद्रिय द्रावकांत उतरवून दाखवल्या. इपॉक्सीसाठी तर हे फारच सोयीचं. दोन टोकांचं डायअमाइन घ्यायचं, एक टोक नळीला, दुसरं इपॉक्साइड वलयाला. नळी रेझिनच्या जाळ्यातच गोवली जाते.

मल्टिवॉलला सोनिकेटरपेक्षा नुसत्या नायट्रिकमध्ये काही तास रिफ्लक्स (वाफ थंड करून परत सोडत उकळणं) बरा. खरा छळ धुण्याचा. आम्ल भरपूर असतं तोवर नळ्या निमूट तळाशी बसतात. पीएच वर यायला लागला की कार्बॉक्सिल प्रोटॉन सोडतो, नळ्यांवर ऋणभार येतो, त्या एकमेकींना ढकलायला लागतात आणि पाण्यात तरंगत राहतात. म्हणजे काम फत्ते, पण गाळण्याचा बोऱ्या. ०.२ मायक्रॉनचं टेफ्लॉन मेम्ब्रेन लावून व्हॅक्यूम पंपासमोर रात्र काढायची. आणि ओव्हनमध्ये कोरडीठाक करू नका, ढेप होते आणि पुन्हा सुटत नाही. द्रावक बदलून ओलीच ठेवा, नाहीतर फ्रीझ ड्राय करा.

शेवंती | सोम, २३:१५

वाचतेय. एम.एस्सी. भाग दोन, प्रोजेक्ट याच विषयावर. कृपया कोणी धागा भरकटवू नका 🙏

इतिहासवेडा | मंगळ, ००:२०

पण हे सगळं आपल्याकडे आधीपासून होतंच ना? दमास्कसच्या तलवारीत नॅनोट्यूब सापडल्या, आणि ते पोलाद दक्षिण हिंदुस्थानातलं, वूट्झ.

घनचक्कर | मंगळ, ००:२४

शेवंती, पाच तास तरी दम धरायला हवा होता लोकांनी. तासाभरात आला बघ.

जुना_पाषाणकर | मंगळ, ०७:१०

इतिहासवेडा, बातमी खरी आहे, निष्कर्ष ताणलेला. २००६ मध्ये ड्रेस्डेनच्या पाउफ्लर यांच्या गटाने सतराव्या शतकातल्या एका तलवारीचा तुकडा हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवला आणि उरलेल्यात नळीसारख्या रचना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. लोखंड, कार्बन आणि उष्णता एकत्र आली की असं काही तयार होणं शक्य असतं. लोहार घडवत होते ती उत्तम धार. त्यांच्या कौशल्याला त्याने उणेपणा येत नाही, पण नळ्या त्यांनी ठरवून केल्या असंही म्हणता येत नाही.

राहिला राळवाला यांच्या साहेबांचा प्रश्न. माझा जन्म पाषाण रस्त्यावरच्या प्रयोगशाळांत गेला, म्हणून थोडं विस्ताराने लिहितो.

नळ्या बनवायच्या तीन वाटा. पहिली कमानीची (इलेक्ट्रिक आर्कची): दोन ग्रॅफाइटच्या कांड्या, मध्ये हेलियम, शंभर ॲम्पिअरच्या घरात विद्युतप्रवाह. ॲनोड झिजतो आणि कॅथोडवर साका जमतो. जपानच्या एनईसी कंपनीत सुमिओ इजिमा यांनी १९९१ मध्ये त्याच साक्यात नळ्या पाहिल्या. रशियनांनी १९५२ मध्ये कार्बनच्या पोकळ तंतूंची छायाचित्रं छापली होती, पण ती रशियन नियतकालिकात, शीतयुद्धाच्या काळात. कोण वाचतंय! इजिमांच्या निबंधानंतर वर्षभरात त्याच कंपनीत एबेसेन आणि आपले केरळचे पुलिकेल अजयन यांनी ग्रॅमच्या हिशेबात नळ्या काढल्या. कमानीच्या नळ्या सरळ, निर्दोष, पण सोबत कचरा भरपूर. दुसरी वाट लेसरने ग्रॅफाइट उडवण्याची. १२०० अंशांची भट्टी, कोबाल्ट-निकेलचा उत्प्रेरक, सिंगलवॉल फार सुरेख मिळतात आणि खिसा फार वेगाने रिकामा होतो.

तिसरी वाट सीव्हीडी, म्हणजे वायूतून कार्बन जमवण्याची. तुमची पिशवी याच वाटेने आली असणार. कार्बन असलेला वायू, ॲसिटिलीन म्हणा, इथिलीन म्हणा, साधारण ६०० ते ९०० अंशांना लोखंड, निकेल किंवा कोबाल्टच्या अतिसूक्ष्म कणांवरून जातो. रेणू कणावर फुटतो, कार्बन कणात मुरतो, आणि कण तृप्त झाला की तो कार्बन नळीच्या रूपात बाहेर पडतो. कणाचा व्यास जेवढा, साधारण तेवढीच नळी जाड. म्हणून या धंद्यातलं खरं गुपित भट्टीत नसतं, उत्प्रेरक कसा केला त्यात असतं. कण आधारावर घट्ट बसलेला असेल तर नळी त्याच्या वर वाढते. सैल असेल तर कण नळीच्या डोक्यावर बसून वर जातो.

प्रयोगशाळेत सगळ्यात सोपी तऱ्हा फेरोसीनची. फेरोसीनमध्ये लोखंडही आहे आणि कार्बनही. टोल्युइनमध्ये विरघळवून ८०० अंशांच्या क्वार्ट्झच्या नळीत आरगॉनबरोबर सोडलं की भिंतीवर काळं गवत उगवतं. या मेटॅलोसीन (फेरोसीनसारख्या संयुगांच्या) वाटेवर बंगळुरूच्या सी. एन. आर. राव यांच्या गटाने १९९७ मध्येच काम छापलं होतं. आणि कापूर! मुकुल कुमार आणि योशिनोरी आंदो यांनी नागोयाच्या मेइजो विद्यापीठात कापूर आणि फेरोसीन वापरून उत्तम मल्टिवॉल काढल्या. कापराच्या रेणूत दहा कार्बन आणि एक ऑक्सिजन. तो ऑक्सिजन वाढीच्या वेळी नको असलेला अस्ताव्यस्त कार्बन जाळायला मदत करतो, असं त्यांचं म्हणणं.

घनचक्कर | मंगळ, ०८:०२

म्हणजे आमच्या आरतीच्या ताटात रोज नॅनोट्यूब!

जुना_पाषाणकर | मंगळ, ०८:४०

नाही. ताटात जमते ती काजळी. उघड्या हवेत कापूर ऑक्सिजनबरोबर जळतो. नळी हवी तर हवा बंद आणि लोखंडाचे कण हजर, दोन्ही अटी पाळाव्या लागतात.

साहेबांना एवढंच सांगा की मल्टिवॉल आता फ्लुइडाइज्ड बेडच्या रिॲक्टरमध्ये टनांनी निघतात. क्वार्ट्झची भट्टी लावून तुम्ही दिवसाला काही ग्रॅम काढाल, आणि आजची नळी कालच्यासारखी असेल याची खात्री नाही. शिवाय ८०० अंशांवर टोल्युइनची वाफ किंवा हायड्रोजन, आणि कुठेतरी एक सील ढिलं. भोसरीच्या गाळ्यात हे नको. विकत घ्या.

काजळी | मंगळ, १०:३५

पाषाणकर काका, 🙏. 'उत्प्रेरकात खरं गुपित' हे वाक्य आमच्या लॅबच्या दारावर लावणार आहे.

आता मुळामुठा यांच्याशी थोडं भांडते. तुमची कृती बरोबर आहे, तिच्यावरचा विश्वास जास्त आहे.

मुळात नळ्या सुटत का नाहीत? ग्राफीनचा पापुद्रा गुंडाळून झालेली नळी, सिंगलवॉल असेल तर व्यास १ ते २ नॅनोमीटर, मल्टिवॉल असेल तर बऱ्याचदा १० ते ३०, आणि लांबी मायक्रॉनमध्ये. दोन सिंगलवॉल अंगाला अंग लावून पडल्या की दर नॅनोमीटर लांबीमागे सुमारे ०.५ इलेक्ट्रॉन व्होल्टची ओढ. खोलीच्या तापमानाला औष्णिक ऊर्जा ०.०२५ च्या आसपास. म्हणजे एक मायक्रॉन संपर्क सोडवायला ५०० इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात, त्या आपणहून कधीच सुटणार नाहीत. मल्टिवॉलमध्ये यावर भर गुंत्याची. वाढतानाच त्या एकमेकींत वाकड्यातिकड्या शिरलेल्या असतात, ओल्या शेवया एकत्र वाळल्यावर होतात तशा. डिस्पर्सर तो गोळा गरागरा फिरवतो, उकलत नाही.

आम्ल काय करतं? भिंतीतले सगळे कार्बन एसपी२ (तीन शेजाऱ्यांना जोडलेले), इलेक्ट्रॉन नळीभर मोकळे फिरतात. भिंतीवर एक गट सहसंयुज बंधाने जोडला की तो कार्बन एसपी३ (चार बंधांचा) झाला, तिथे रस्ता बंद. आम्ल तर बंध जोडूनही थांबत नाही, भिंत फोडतं, नळी तोडतं. पदार्थ वजनानेही घटतो, आणि ते वजन पैसे देऊन घेतलेलं असतं.

याहून मोठी गोची मळाची. आम्लाने भिंतीचे तुकडे पडतात. हे कार्बॉक्सिलने भरलेले छोटे छोटे पापुद्रे नळीवरच चिकटून बसतात, नुसत्या पाण्याने जात नाहीत. २००७ मध्ये यावर लागोपाठ निबंध आले. ताडून बघायचं तर आम्लाने धुतलेल्या नळ्या सौम्य सोडियम हायड्रॉक्साइडने धुवा. गाळलेलं पाणी तपकिरी येतं. ते पाणी म्हणजे तुमच्या फंक्शनलायझेशनचा मोठा वाटा, गटारात चाललेला. बोहेम टायट्रेशनमध्ये (अल्कलीने आम्लगट मोजण्याच्या पद्धतीत) मोजलेला कार्बॉक्सिल, एफटीआयआरमध्ये (अवरक्त वर्णपटात) १७२० जवळ दिसलेलं कार्बोनिल, सगळ्यात हा मळ धरलेला असतो. त्यावर डायअमाइन जोडलं तर ते मळाला जोडलं गेलं. रेझिनने मळ पकडला, मळ नळीला नुसता टेकलेला. ताण आला की तिथूनच सुटणार. मग निबंधात 'अपेक्षेइतकी ताकद वाढली नाही' असं वाक्य येतं.

तर ज्यांना आम्ल लावायचंच आहे त्यांनी नंतर अल्कलीने धुवावं, मग मोजावं, मग पुढची रासायनिक क्रिया. अर्ध्याहून जास्त लोक ही पायरी गाळतात.

मुळामुठा | मंगळ, ११:२०

आम्ही अल्कलीने धुतलं नव्हतं हे खरं. पण आमचे नमुने पाण्यात महिनोन्‌महिने टिकले होते. झीटा पोटेन्शियल (कणांवरच्या भाराचं माप) उणे ३० मिलिव्होल्टच्या पलीकडे.

काजळी | मंगळ, ११:३२

टिकणारच. मळ हा फार चांगला सर्फॅक्टंट (साबणासारखा, कण तरंगत ठेवणारा पदार्थ) आहे 😀

मायक्रोटोम | मंगळ, १३:०५

टीईएम (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक) चालवतो, रोज हेच नमुने येतात, म्हणून दोन शब्द.

रामनमध्ये (लेसरच्या विखुरलेल्या प्रकाशाच्या वर्णपटात) जी पट्टा १५८० च्या आसपास, डी पट्टा १३५० च्या आसपास. डी म्हणजे दोष. मुलं येतात, 'सर, डी/जी ०.९२ वरून ०.९७ झाला, फंक्शनलायझेशन सिद्ध.' अरे बाबा, सीव्हीडीच्या मल्टिवॉलमध्ये डी मुळातच जीच्या उंचीचा असतो. त्याच चिमटीतल्या पावडरीवर लेसर बाजूला सरकवला तरी एवढा फरक पडतो. ५३२ नॅनोमीटरऐवजी ६३३ चा लेसर लावला तर गुणोत्तर आणखीनच बदलतं. अनेक जागी मोजा, लेसर लिहा, मग बोला.

राळवाला यांनी पहिली चाचणी टीजीएची (तापवत वजन मोजण्याची) करावी, स्वस्त आहे आणि लपवाछपवी करत नाही. हवेत तापवलं की अस्ताव्यस्त कार्बन आधी जातो, नळ्या साधारण ५०० ते ६५० अंशांच्या दरम्यान जळतात, शेवटी जी राख उरते ती उत्प्रेरकाची. लालसर असेल तर लोखंड. पिशवीवर लिहिलेल्या शुद्धतेशी ताडून बघा, करमणूक होते.

लोखंड काढायचं म्हणून एचसीएलमध्ये (हायड्रोक्लोरिक आम्लात) भिजवतात. त्याने भिंतीला इजा होत नाही ही चांगली गोष्ट. पण नळीच्या पोटात बंद झालेल्या कणापर्यंत ते पोचतच नाही. भिंतीचे थर ०.३४ नॅनोमीटर अंतरावर एकाला एक लागून आणि मध्ये काळा ठिपका अडकलेला, असं चित्र मला रोज दिसतं. तो काढायचा तर निष्क्रिय वायूत २००० अंशांच्या वर भाजावं लागतं. धातू उडून जातो आणि भिंतीतले दोषही बुजतात. खर्च विचारू नका.

उद्योगांसाठी पैसे भरून चाचण्या करून मिळतात. एनसीएलच्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या) आवारातल्या व्हेंचर सेंटरमध्ये विचारा, विद्यापीठातही उपकरणांची मध्यवर्ती सोय आहे.

शिस्तप्रिय | मंगळ, १५:४०

इतका वेळ कोणी सुरक्षिततेवर बोललं नाही, म्हणून बोलतो.

१९९१ पासून या पदार्थाचं कौतुक चालू आहे. २००८ मध्ये 'नेचर नॅनोटेक्नॉलॉजी'त उंदरांवरचं काम आलं: लांब, ताठ मल्टिवॉल नळ्या पोटाच्या पोकळीत सोडल्यावर ॲस्बेस्टॉससारखा दाह आणि गाठी. आखूड, गुंतलेल्या नळ्यांनी तसं केलं नाही. २०१४ मध्ये कर्करोगावरच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने एका विशिष्ट मल्टिवॉलला 'कर्करोगकारक असू शकेल' या २बी गटात टाकलं, बाकीच्यांबद्दल पुरावा अपुरा म्हणून वेगळं ठेवलं. अमेरिकेच्या निओशने (कामगार सुरक्षेच्या संशोधन संस्थेने) २०१३ मध्ये शिफारस केलेली मर्यादा आहे दर घनमीटर हवेत १ मायक्रोग्रॅम, आठ तासांची सरासरी. मायक्रोग्रॅम! 'पिशवी फुगलेली, वजनच नाही' ती पिशवी उघड्या गाळ्यात पंख्याखाली फोडली तर काय होईल?

पिशवी बंद हूडमध्ये उघडा (आधी तो चालू करा). पावडर लगेच रेझिनने किंवा द्रावकाने ओली करा, ओली झाली की उडत नाही. कापडी मास्क म्हणजे मास्क न लावणं. झाडू मारू नका, कॉम्प्रेस्ड एअरने तर मुळीच झटकू नका, ओल्या फडक्याने पुसा.

आणि नायट्रिकजवळ ॲसिटोनची बाटली नको. काच ॲसिटोनने धुऊन तशीच ओली, त्यात नायट्रिक ओतलं, हे अपघाताचं ठरलेलं कथानक आहे. तपकिरी धूर दिसला की तो नायट्रोजन डायऑक्साइड. त्या वेळी फक्त खोकला येतो, फुप्फुसात पाणी भरायला लागतं ते काही तासांनी, घरी गेल्यावर.

राळवाला | मंगळ, २१:५०

दिवसभर साइटवर होतो, आत्ता बघतोय. एवढं लिहिलंत, मनापासून आभार. पाषाणकर काका, तुमचा परिच्छेद साहेबांना तसाच फॉरवर्ड केला. 'बरं' एवढंच उत्तर आलं. म्हणजे भट्टी रद्द.

काजळीताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: वीज. चाकणला इलेक्ट्रॉनिक्स जुळणीचं एक गिऱ्हाईक आहे, त्यांना अँटिस्टॅटिक फ्लोअर हवंय. फरशीचा रोध १० च्या सहाव्या ते नवव्या घाताच्या ओहममध्ये बसला पाहिजे. कार्बन ब्लॅकने जमतं, पण इतकं घालावं लागतं की रेझिन पसरत नाही, आणि रंग काळ्याशिवाय दुसरा होत नाही. नॅनोट्यूब अगदी थोड्या लागतात म्हणून साहेबांचा आग्रह. ताकदीचं आम्हाला काही नाही, इपॉक्सी मुळातच पुरेसं दणकट आहे.

काजळी | मंगळ, २२:१५

मग आम्ल विसरा. कायमचं.

तुम्हाला वीज वाहायला हवी आणि आम्ल नेमकी तीच मारतं. नळी आखूड झाली की एका नळीने जोडलेलं अंतर कमी, म्हणजे फरशीभर जाळं व्हायला जास्त नळ्या घालाव्या लागणार. पैसे खर्चून, नायट्रिक हुंगून, वाईट माल तयार करायचा.

वीज वाहण्यासाठी नळ्यांनी रेझिनभर एकमेकींना गाठत रस्ता करायला हवा. ज्या प्रमाणाला तो रस्ता अचानक पूर्ण होतो आणि रोध धाडकन अनेक घातांनी खाली येतो तो पर्कोलेशनचा उंबरठा. नळ्या लांब आणि बारीक, म्हणून उंबरठा खूप खाली. इपॉक्सीत वजनाने ०.००२५ टक्क्यांवर तो गाठल्याचा निबंध २००३ चा आहे, पण त्या खास वाढवलेल्या, गुंता नसलेल्या नळ्या होत्या. बाजारच्या मल्टिवॉलने ०.१ टक्क्याच्या अलीकडेपलीकडे समजून चालायला हरकत नाही. इतक्या कमी प्रमाणात पसरण्याचा प्रश्न बराच हलका होतो. फिकट रंग मात्र विसरा. एवढ्याशानेही राखाडी येणारच.

एक उलटी गोष्ट. वीजवहनासाठी नळ्या पूर्णपणे एकेकट्या होऊन दूर दूर राहिल्या तर ते चांगलं नाही. आधी मोठे गोळे फोडायचे, आणि मग रेझिन पक्कं होताना नळ्यांनी थोडं परत एकत्र येऊन जाळं धरायचं. कार्बॉक्सिलवाल्या, एकमेकींना ढकलणाऱ्या नळ्या तिथेही नडतात.

गोळे फोडायला यंत्र: थ्री-रोल मिल. छपाईच्या शाईवाले, रंगवाले वर्षानुवर्षं वापरतात. हॅम्बुर्गच्या शुल्टे यांच्या गटाने इपॉक्सीत नॅनोट्यूब पसरवायला हेच वापरलं. रोलमधल्या फटीत कातरणं जबरदस्त होतं आणि प्रोब सोनिकेटरइतके नळ्यांचे तुकडे पडत नाहीत.

स्लरीवाला | मंगळ, २२:५८

बॅटरीच्या क्षेत्रातून अनुमोदन. लिथियम-आयनच्या कॅथोड स्लरीत वीजवहनासाठी मल्टिवॉल घालतात. एनएमपी द्रावक, सोबत थोडं पीव्हीपी हे पॉलिमर. पॉलिमर नळीला नुसतं बिलगतं, बंध करत नाही, म्हणून भिंत शाबूत. पाण्यातल्या कामाला तसेच बिलगणारे एसडीबीएस, सोडियम कोलेट, पायरीन लावलेले रेणू, डीएनएसुद्धा. २००२ मध्ये तर गम अरेबिक, म्हणजे डिंकाच्या पाण्यात सिंगलवॉल सुट्या करून दाखवल्यात. एकच तोटा: असं गुंडाळलेलं पॉलिमर दोन नळ्यांच्या सांध्यावर इन्सुलेटर म्हणून बसतं. कमीत कमी घाला.

शेवंती | मंगळ, २३:३०

काजळीताई, प्रश्न. सिंगलवॉलमध्ये साधारण एक तृतीयांश धातूसारख्या आणि दोन तृतीयांश अर्धवाहक असतात ना? मग एकाच प्रकारच्या नळ्यांवर क्रिया करून दुसऱ्या तशाच ठेवता येतात का?

काजळी | बुध, ००:०५

येतात. डायझोनियम क्षार धातूसारख्या नळ्यांवर आधी क्रिया करतात, कारण तिथे फर्मी पातळीजवळ (इलेक्ट्रॉनांनी भरलेल्या सर्वांत वरच्या पातळीजवळ) द्यायला इलेक्ट्रॉन तयार असतात. स्ट्रानो आणि मंडळींनी २००३ मध्ये दाखवलं. एन वजा एमला (नळी कशी गुंडाळली ते सांगणाऱ्या दोन आकड्यांच्या फरकाला) तीनने भाग जातो का, इथून सुरुवात कर. पण डायझोनियम, प्राटो अभिक्रिया, फ्लोरिनेशन हा सगळा वेगळा संसार आहे, त्यासाठी नवा धागा काढ. मी येते तिथे. आणि डायझोनियम क्षार कोरडा साठवू नकोस, काही क्षार स्फोटक असतात.

राळवाला | गुरु, २०:४०

पिरंगुटला ओळखीच्या एका शाईवाल्याकडे थ्री-रोल मिल आहे. शनिवारी रिकामी देतो म्हणालाय, अट एकच: पिवळ्या शाईची ऑर्डर येण्याआधी रोल स्वच्छ करून द्यायचे. फट किती ठेवायची? आणि हार्डनर आधी घालायचा की नंतर?

काजळी | गुरु, २१:१०

हार्डनर नंतर, साइटवर. मिलवर फक्त रेझिन. नळ्या एक-दोन टक्के घालून दाट मास्टरबॅच करा, त्यापेक्षा जास्त घातलं तर पेस्ट रोलवर चढणार नाही. फट एकदम बारीक करू नका. मोठ्या फटीने सुरुवात, दर फेरीला कमी, शेवटी ५ मायक्रॉनच्या आसपास. तुमच्याकडे रंगवाल्यांचं हेगमन गेज (दाण्यांचा आकार बघायची पट्टी) असेलच, प्रत्येक फेरीनंतर ओढून बघा. दाणे दिसायचे थांबले की थांबा, आणखी फेऱ्या म्हणजे नळ्या तोडणं. मग साध्या रेझिनने पातळ करून ०.०५, ०.१, ०.२ टक्के असे पॅच टाका. रोध पूर्ण क्युअर झाल्यावरच मोजा, ओल्या रेझिनचा आकडा फसवतो. एक पॅच थंडीत आणि एक उबेत क्युअर करा. रेझिन पातळ असताना नळ्यांना जाळं धरायला किती वेळ मिळतो त्यावर रोध बदलतो, आणि तुमच्या साइटवर डिसेंबर आणि मे सारखे नसतात.

शिस्तप्रिय | गुरु, २१:४५

रोल पुसलेल्या चिंध्या शाईवाल्याच्या कचऱ्यात टाकून येऊ नका. बंद पिशवीत, लेबल लावून, तुमच्या रेझिनच्या घातक कचऱ्याबरोबर रांजणगावच्या प्रक्रिया केंद्राला. रोल आधी साध्या रेझिनची एक फेरी मारून स्वच्छ करा, ते रेझिन मास्टरबॅचमध्येच जाईल. मग द्रावक आणि फडकं, हातमोज्यांसकट, आणि मिल बंद करून. फिरत्या रोलजवळ फडकं नेऊ नका.